दोन कॉफ्यांचे भंडारीमामा

भंडारीमामा गॅसच्या दोन्ही बर्नरवर दोन वेगळ्या कॉफ्या एकाच वेळी चढवायचे आणि दोन्ही एकाच क्षणी उतरवायचे. डाव्या हातात लांब दांड्याचं पितळी भांडं, उजव्या हातात कंबर आवळलेली अॅल्युमिनियमची किटली. दोन्ही भांडी ओट्यावर टेकल्याचा आवाज एकच यायला हवा; दोन आवाज आले की मामा स्वतःवरच चिडायचे. पाहुणा एक असो की चार, रीत हीच. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा विचारलं, "अहो, मी एकटीच आलेय. मग दोन कशाला?" मामा दचकलेच. म्हणाले, "बाई, एकच केली तं दुसऱ्या देशानं काय बोलायचा?"

भंडारी हे त्यांचं आडनाव नव्हे. जहाजावर स्वयंपाक करणाऱ्याला आपल्याकडचे खलाशी भंडारी म्हणतात, ते नाव त्यांना चिकटलं. तीस वर्षं ते समुद्रावर होते आणि त्यातली बरीचशी एकाच जहाजावर. मालक ग्रीक, कॅप्टन ग्रीक, इंजिनाचा मुख्य म्हणजे चीफ इटालियन, आणि बाकी खलाशी आपले उरण-अलिबागकडचे. कॅप्टन वरच्या मजल्यावर, चीफ तळाच्या इंजिनात आणि मधोमध मामांचं स्वयंपाकघर. "वर ग्रीस, खाली इटली, मदी आमी," असा मामांचा भूगोल होता. पितळी भांड्यातली कॉफी कॅप्टनची, किटलीतली चीफची. त्या दोघांची खरी नावं मामा झोकात घ्यायचे, माझी जीभ मात्र वळत नाही. तेव्हा इथेही ते कॅप्टन आणि चीफच.

आता तेव्हाच्या माझ्याबद्दल सांगते, कारण तिच्यावर हसल्याशिवाय ही हकिगत पुढे सरकणार नाही. बाई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. ठाण्याहून मुलाबरोबर विचुंब्याच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या. निवृत्तीला जेमतेम चार महिने झालेले आणि ऐकून घ्यायला कोणी नाही. मुलगा ऑफिसात, सून ऑफिसात, नात पाळण्यात. त्या पाळण्यातल्या नातीला मी सम्राट अशोकापर्यंत आणलं होतं. खालच्या मजल्यावर ग्रीस आणि इटली दोन्ही बघून आलेला माणूस राहतो म्हटल्यावर मी काय करावं? त्याला विचारावं ना, काय काय पाहिलंत? छे! मी त्याला ग्रीस आणि इटली समजावून सांगायला बसले. अथेन्सपासून सुरुवात केली. मामांनी तासभर ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमी गेल्या व्हत्या काय तिकडं?"

"गेले नाही, पण एकतीस वर्षं शिकवलंय."

"बराबर हाय. मी गेलोय, पन शिकलो नाय. दोघांचा मिळून एक मानूस व्हईल."

मामांचं गाव द्रोणागिरीकडचं. जमीन वसाहतीत गेली, तिथे आता गोदामं उभी आहेत. आलेल्या पैशांत त्यांनी विचुंब्यात ही तळमजल्यावरची जागा घेतली होती. त्याचं रडगाणं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बोलायचे ते कॅप्टन आणि चीफबद्दल. मामी तर वैतागून म्हणायच्या, "याचा लगीन माज्यासंग झालाय का त्या दोघांसंग, तेच मना अजून कलला नाय."

त्या दोघांच्या भांडणांची यादी मामांना तोंडपाठ होती. ऑलिव्हच्या तेलाचंच घ्या. कॅप्टनचं म्हणणं, तेल आमचं. हे इटालियन लोक आमचं तेल पिंपांनी विकत नेतात, त्यांच्या सुबक बाटलीत भरतात आणि जगाला इटलीचं म्हणून विकतात. चीफ शांतपणे म्हणायचा, "तेल कोणीही काढेल. अशी बाटली कोण बनवणार?" जेवणाच्या टेबलावर बाटली आली की तिच्यावरचं लेबल वाचून दोघांपैकी एक जण उपाशी उठायचा. मामांनी एके दिवशी सगळी लेबलं गरम पाण्यात भिजवून खरवडून काढली. त्यानंतर कॅप्टन घोट घेऊन म्हणे, "हे बघा ग्रीस!" आणि चीफ ब्रेड बुडवून म्हणे, "ही आमची माती!"

"मग होतं कुठलं?" मी विचारलं.

मामांनी दाराकडे बघून आवाज बारीक केला, जणू कॅप्टन जिन्यात उभा आहे. "स्पेनचा व्हता, बाई."

तीच गत वांग्यांची. वांग्यांचे थर लावून भट्टीत भाजायची एक कृती ग्रीकांची, एक इटालियनांची, आणि अस्सल कोणाची यावरून दोन देशांचे संबंध वारंवार बिघडायचे. मामांनी मधला रस्ता काढला. वांगी चिरली, आपल्याकडे भरल्या वांग्यांना करतात तसा शेंगदाण्याचा कूट लावला, तिखट काढून टाकलं, वरून चीज पसरलं. दोघांपुढे एकाच वेळी बशा ठेवल्या आणि नाव काही सांगितलं नाही. "कॅप्टनच्या डोल्यात पानी. बोलला, आईची आठवन आली. चीफ बोलला, मना पन. आता बाई, आठवन आली तिघांना. पन कृती माज्या आईची व्हती." हे वांगं आमच्या इमारतीतही फार उपयोगी पडलं. टँकरच्या पाण्यावरून बी विंग आणि सी विंगमध्ये बोलणं बंद झालं, तेव्हा मामा उरण नाक्यावरून तीन किलो वांगी घेऊन आले. मी स्वतः बी विंगची. वैर कधी संपलं ते ताट चाटून होईपर्यंत कळलंच नाही.

एकदा मामा म्हणाले, चीफच्या गावाकडच्या म्हाताऱ्या ग्रीक बोलतात. मी खो खो हसले. "मामा, इटलीत इटालियन बोलतात. ग्रीसमध्ये ग्रीक बोलतात." इतक्या प्रेमानं तर मी आठवीच्या ढ मुलालाही समजावलं नव्हतं. मामा म्हणाले, चीफच्या आजीचे शब्द कॅप्टनला कळायचे, तो चीफला चिडवायचा, तू आमचाच हरवलेला पोरगा. मी मान हलवत घरी आले आणि त्यांची चूक पुराव्यानिशी सिद्ध करायला कॉम्प्युटर उघडला. बुटासारख्या इटलीच्या टाचेत खरोखर अशी गावं निघाली. फार फार जुन्या काळापासून तिथे ग्रीक भाषेचाच एक प्रकार बोलला जातो. मी कॉम्प्युटर बंद केला आणि तीन दिवस मामांच्या दारावरून जाताना फोनवर बोलत असल्याचं सोंग केलं.

पण त्या दोघांची खरी गंमत दिसायची ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेला. दुसऱ्या महायुद्धात त्या दिवशी पहाटे इटलीच्या राजदूतानं ग्रीसच्या प्रमुखाला उठवून सांगितलं, आमच्या फौजेला आत येऊ द्या. आणि ग्रीसनं सांगितलं, नाही. ग्रीक लोक तो नाही म्हटल्याचा दिवस आजही साजरा करतात. जहाजावर काय व्हायचं? सकाळी दहाच्या ठोक्याला चीफ इंजिनातून वर यायचा, तेलकट डगला उतरवून, पांढरा कडक गणवेश चढवून, केसांना पाणी लावून. कॅप्टनच्या दारावर टकटक करून ताठ उभा राहायचा आणि म्हणायचा, "कॅप्टन, रस्ता द्या." कॅप्टन आतून जहाज हादरेल असा ओरडायचा, "ओही!" म्हणजे नाही. खलाशी टाळ्या वाजवायचे. मग दार उघडायचं, मामा दोन कॉफ्यांचा ट्रे घेऊन आत जायचे आणि युद्ध संपायचं. हे वर्षानुवर्षं चाललं. सांगताना मामा दोघांचीही सोंगं आणायचे. मी पोट धरून हसायचे आणि म्हणायचे, "मग हे दोघं आता कुठे असतात? बोलतात का एकमेकांशी?" मामा लगेच उठून गॅस पुसायला लागायचे.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. ते दोघं वीस-बावीस वर्षं बोलले नव्हते. एका अठ्ठावीस तारखेला चीफनं नेहमीसारखं दार वाजवलं, "कॅप्टन, रस्ता द्या," म्हणाला. आतून आवाजच आला नाही. दार उघडलं, कॅप्टननं त्याच्याकडे पाहिलं आणि दार परत लावून घेतलं. खलाशांसमोर. चीफ कडक गणवेशात तसाच उभा राहिला. पुढच्या बंदरात तो बॅग उचलून उतरला. दोघंही मामांना दर नवीन वर्षाला पत्र पाठवत आणि दोघांच्याही पत्रात दुसऱ्याचं नाव चुकूनही नसे. आता दोघंही म्हातारे झाले होते. "येकदा बोलू देत, बाई. मी मेल्यावर कोन बोलवील त्यांना?" मामा म्हणाले. "तुमचा इंग्लिस चांगला हाय. दोन पत्रा ल्हिवून द्या."

दोन राष्ट्रांमध्ये समेट घडवायचं काम, आणि तेही माझ्याकडे! त्या रात्रीचा स्वयंपाक मी सुनेवर ढकलला. मामांनी सांगितलं होतं इतकंच लिहा, की झालं गेलं विसरा, एकमेकांना फोन करा. एवढ्यानं माझं कसं भागणार? मी दोघांनाही दोन-दोन पानं लिहिली. कॅप्टनला आठवण करून दिली, की रोमन सैन्यानं कॉरिंथ नगर जाळलं, पुतळे लुटून नेले, तरीही ग्रीकांनी रोमनांच्या मुलांना शिकवलंच ना? मग चीफला क्षमा करायला काय हरकत आहे? चीफला लिहिलं, की कॅप्टन त्याला क्षमा करेलच; तेव्हा थोर रोमन साम्राज्याचा वारस म्हणून त्यानं मोठ्या मनानं पहिलं पाऊल उचलावं. मुद्दे होते, परिच्छेद होते, समारोप होता. मामांना वाचून दाखवलं नाही, कारण त्यांना काय कळणार! मी ईमेल शिकण्याच्या वर्गात पहिली आले होते. दोघांच्या पत्रांवर ईमेलचे पत्ते होतेच; सराईतपणे बटण दाबलं.

कॅप्टनचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. "प्रिय कुक, ही बाई कोण आहे आणि ती मला कॉरिंथबद्दल का सांगते आहे? हे चीफनं लिहायला लावलं असेल, तर त्याला सांग, नाही." पाठोपाठ चीफचं आलं. "प्रिय कुक, मी रोमन नाही. आमच्या गावालाही रोमनांनीच लुटलं होतं. कॅप्टनला माझी क्षमा करायची आहे असं या बाई म्हणतात. माझा गुन्हा काय, ते तरी त्यानं सांगावं."

मी दोन्ही उत्तरं मामांना वाचून दाखवली. वीस वर्षं थंड पडलेलं प्रकरण मी कॉरिंथसकट पुन्हा पेटवून दिलं होतं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मामा नुसते उठून गेले. चार दिवस त्यांच्या घरातून कॉफीचा वास आला नाही. मामी वर येऊन मला म्हणाल्या, "बाई, काय ल्हिवला तुमी? मानूस मासलीला पन हात लावत नाय." एकतीस वर्षांत एकाही पालकानं मला इतकं खाली बघायला लावलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मामा धुतलेला शर्ट घालून वर आले आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. "मी बोलतो, तुमी ल्हिवा. मदी काय घालू नका. येकच पत्र, दोघांना, येकाच टायमाला."

"काय लिहू?"

"ल्हिवा, गुन्हा माझा हाय."

मी वळून बघितलं. मामा पडद्याकडेच बघत होते.

त्यांनी सांगितलेलं असं. त्या सकाळी रेडिओ ऑफिसरकडे कॅप्टनच्या घरून तार आली होती: कॅप्टनचे वडील गेले. हेच वडील त्या युद्धात डोंगरावरच्या बर्फात इटालियन फौजेशी लढले होते, त्यात त्यांच्या पायाची बोटं गेली होती. कॅप्टनला तार दिल्यावर रेडिओ ऑफिसर चहा घ्यायला स्वयंपाकघरात आला आणि मामांना बोलून गेला. जहाजावर हे फक्त तिघांना ठाऊक होतं. चीफला ठाऊक नव्हतं. "मना म्हाईत व्हता, की दहा वाजता चीफ वर जानार. मी मासे तलत व्हतो. बोल्लो, ह्यो घाना उतरला की खाली जाऊन सांगतो. घाना उतरवला. तवर चीफ दारात उभा. मंग मी बोल्लो नाय. त्या दिवशी नाय, दुसऱ्या दिवशी नाय, कदीच नाय. कॅप्टनला वाटला, चीफ माज्या बापावर हसला. चीफला वाटला, कॅप्टन येड्यावानी फिरला. दोघांचा पन चुकला नाय. चुकला माझा."

हेच मामांनी जहाजावरच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि मी ते शब्दाला शब्द उतरवलं. क्रियापदं लंगडत होती, काळ एकमेकांत मिसळले होते, माझी बोटं शिवशिवत होती. शेवटी राहवलं नाही, एका ठिकाणी एक स्वल्पविराम टाकलाच. मामांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो काय? मी ह्यो बोल्लो नाय." मी तो खोडला. मग दोघांचे पत्ते एकाच ओळीत टाकले आणि बटण मामांनी स्वतः दाबलं.

नऊ दिवस काही आलं नाही. मामा रोज सकाळी जिना चढून यायचे, दारातच उभे राहून भुवई उडवायचे, मी मान हलवायचे, ते परत उतरायचे. दहाव्या दिवशी कॅप्टनच्या मुलीचा निरोप आला: रविवारी दुपारी बाबा आणि चीफ दोघंही व्हिडिओ कॉलवर असतील, कुकनं असायलाच हवं.

रविवारी माझ्या दिवाणखान्यात काय थाट! मामी इस्त्रीची साडी नेसल्या. मी वही-पेन घेऊन बसले, कारण मला वाटलं, इतक्या वर्षांनी दोन राष्ट्रं बोलणार, कोणीतरी नोंद करायला हवी. पडद्याच्या एका चौकटीत पांढऱ्या दाढीचा कॅप्टन आला. दुसऱ्या चौकटीत आधी कपाळ, मग छत, मग परत कपाळ आणि शेवटी चीफ. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मामांनी माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, त्यांना ते कळलंही नसावं. मी पेनाचं टोपण काढलं.

कॅप्टन म्हणाला, "गुडघ्याचं काय म्हणतोस?"

चीफ म्हणाला, "डावा गेला. उजवा चालतोय."

"माझा उजवा गेला."

"मग आपल्या दोघांचा मिळून एक माणूस चालेल," चीफ म्हणाला, आणि दोघंही खोकला येईपर्यंत हसले. पुढची चाळीस मिनिटं गुडघे, रक्तदाब, डॉक्टरांचा मूर्खपणा आणि मीठ बंद केल्याचं दुःख. मध्येच कॅप्टन एकदा थांबला आणि म्हणाला, "तुला माहीत नव्हतं." चीफ म्हणाला, "नाही." कॅप्टन म्हणाला, "हं." आणि लगेच पुन्हा मिठावर आले. माझ्या वहीत त्या दिवसाची एकच नोंद आहे: "डावा, उजवा."

मामा केव्हा उठून गेले, हे त्या दोघांच्याच काय, माझ्याही लक्षात आलं नाही. आत गेले तर ते माझ्या ओट्यापुढे पाठमोरे उभे होते. स्वच्छ असलेला गॅस पुसत होते. पुन्हा पुन्हा, त्याच एका जागी. "मामा, बाहेर चला, ते बोलताहेत." मामा वळले नाहीत. म्हणाले, "बोलू दे. बोलनं सुरू झाला की भंडाऱ्यानं आत यावा." मला त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ सुचत होतं. पण मी शेजारचं फडकं उचललं आणि धुतलेल्या बशा पुसायला लागले.

त्यानंतर दर रविवारी ते दोघं बोलत. सुरुवातीला मामांना बोलवायचे, मग विसरायला लागले. मामा त्यावर खूश. "मना सोडून बोलतात, बाई! आता पक्की दोस्ती झाली." एकदा कॅप्टन आणि चीफ तेलावरून पुन्हा भांडले आणि दोघांनीही स्वतंत्रपणे मामांकडे तक्रार केली, तेव्हा तर त्यांनी इमारतीत पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं स्पेनच्या तेलाचं गुपित मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. "काय काय गोष्टी देशादेशांना सांगायच्या नसतात," असं मला बजावलं. आज मीच छापून टाकतेय. माफ करा, मामा.

दोन वर्षांनी मामा एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. तेरावं झाल्यावर मामी वर आल्या. म्हणाल्या, "त्या दोघांना कलवायला पायजे. तुमीच ल्हिवा. आनी बाई..." पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं. मी चार ओळी लिहिल्या. कॉरिंथ नाही, साम्राज्य नाही. मामा गेले, त्रास झाला नाही, शेवटच्या दिवशीसुद्धा तुम्हा दोघांबद्दल बोलत होते. एकच पत्र, दोघांना वेगवेगळं, पण एकाच मिनिटाला पाठवलं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही उत्तरं आली. कॅप्टननं लिहिलं होतं: "बाई, मी समुद्रावरचा माणूस आहे, मी सोसेन. पण चीफला एकदम कळवू नका. तो मनानं फार हळवा आहे. आधी त्याला बसायला सांगा, मग हळूच सांगा." आणि चीफनं लिहिलं होतं: "बाई, माझी काळजी करू नका. फक्त कॅप्टनला सांभाळून सांगा. तो वरून ओरडतो, पण कुकशिवाय त्याच्या मनातलं कोणाला कळत नव्हतं. आधी तब्येतीची चौकशी करा, मग सांगा."

मी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी उघडून पुन्हा वाचली. मग कॅप्टनला लिहिलं, चीफला आधी बसायला सांगितलं, मग हळूच सांगितलं. त्यानं धीरानं घेतलं. चीफला लिहिलं, कॅप्टनची आधी तब्येत विचारली, मग सांगितलं; तो शांत आहे. एकतीस वर्षं मुलांना खरा इतिहास शिकवला, त्या संध्याकाळी दहा मिनिटांत दोन धादांत खोटी पत्रं लिहून पाठवली. आणि त्या दोघांची आणि माझी पत्रं मी मामींना वाचून दाखवली, तेव्हा त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.